वाचकांचे प्रश्न : दगडावरचे नाव आणि औषधातले नाव

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातील एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या एका प्रशिक्षणात वक्त्यांनी पडद्यावर जुन्या दगडाचे छायाचित्र दाखवले आणि सांगितले की, दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यातील एका गावाने आपल्या स्त्री वैद्याचा पुतळा उभारला होता. वेळ संपल्यामुळे तिचे नावही विचारता आले नाही. ही गोष्ट खरी आहे का? ती खरोखर वैद्य होती, की आमच्याकडे असायच्या तशी बाळंतपण करणारी दाई होती? आणि तिचे नाव इतकी वर्षे टिकले कसे? माझ्या आजीने जन्मभर आमच्या आणि शेजारच्या गावांतली बाळंतपणे केली. आज तिचे नाव घरच्यांखेरीज कुणाच्या लक्षात नाही, म्हणून विचारते.

उत्तर : ताई, गोष्ट खरी आहे. त्या वैद्याचे नाव अँटिओकिस आणि तिचे गाव त्लोस. आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य भागात, डोंगराच्या उतारावर या गावाचे अवशेष आहेत. कड्यात कोरलेली थडगी आणि दगडी नाट्यगृह तिथे अजून पाहायला मिळते. या प्रदेशाला तेव्हा लिशिया म्हणत आणि इ.स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसने तो रोमन प्रांत केला. साम्राज्याच्या पूर्वेकडील भागात लिहिण्याबोलण्याची भाषा ग्रीक होती, त्यामुळे पुतळ्याच्या दगडावर कोरलेला हा लेखही ग्रीकमध्ये आहे. तो साधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा मानला जातो.

मात्र एका तपशिलात दुरुस्ती करायला हवी. पुतळा गावाने उभारला नव्हता. लेख अगदी थोडक्यात सांगतो की, त्लोसची रहिवासी, डिओडोटसची मुलगी अँटिओकिस, वैद्यकीतील अनुभवाबद्दल त्लोसच्या नगरसभेने आणि लोकांनी जिची ग्वाही दिली आहे, तिने स्वतःचा हा पुतळा उभा केला. म्हणजे ग्वाही गावाची आणि पुतळा तिने स्वतः करवून घेतलेला. त्या काळी ग्रीक शहरांत मानपत्र मिळालेल्या व्यक्तीने पुतळ्याचा खर्च स्वतः करणे ही सर्वमान्य रीत होती, त्यात आत्मप्रौढी कुणाला वाटत नसे. तरीही मला हा लेख पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो, कारण त्यात नवऱ्याचे नाव नाही, मुलांचे नाही, सौंदर्याची, पातिव्रत्याची किंवा सुगृहिणीपणाची स्तुती नाही. त्या काळच्या स्त्रियांच्या शिलालेखांत या गोष्टी हमखास येतात. इथे बापाचे नाव आहे, गावाचे आहे आणि कामाचे आहे, एवढेच.

आता दाई की वैद्य, या प्रश्नाकडे वळतो. अँटिओकिसच्या बाबतीत याचे उत्तर दगडात नाही, ते पुस्तकात आहे. इ.स. १२९ मध्ये पर्गामम (हेही आजच्या तुर्कस्तानात) येथे जन्मलेला आणि पुढे रोममध्ये सम्राटांचा वैद्य झालेला गॅलेन याने औषधयोगांचे मोठे ग्रंथ लिहिले. शरीराच्या कोणत्या भागाला कोणते औषध, अशा क्रमाने लिहिलेल्या ग्रंथात त्याने आपल्या आधीच्या पिढीतील एका संग्राहकाकडून, अस्क्लेपिआडीसकडून, अँटिओकिसच्या नावाचा औषधयोग घेतला आहे. तो प्लीहेच्या विकारावर, जलोदरावर, सायटिकावर आणि सांधेदुखीवर सांगितला आहे. यातला एकही आजार केवळ बायकांचा नाही आणि एकाचाही बाळंतपणाशी संबंध नाही. कमरेपासून पायापर्यंत ठणकणाऱ्या नसेने हैराण झालेला माणूस, पोटात पाणी झालेला माणूस तिच्याकडे येत होता, असेच यातून दिसते. त्यामुळे तिला वैद्य म्हणण्यात कसलीही अतिशयोक्ती नाही. टॅरेन्टमच्या हेराक्लायडीस नावाच्या नामांकित वैद्याने आपला एक ग्रंथ अँटिओकिस नावाच्या स्त्रीला उद्देशून लिहिला होता, अशीही नोंद गॅलेनमध्ये आहे. ती हीच की दुसरी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ती हीच असेल तर तिचा काळ आणखी मागे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात जातो.

पण दाई आणि वैद्य यांच्यामध्ये आपण आज जेवढी मोठी भिंत समजतो तेवढी तेव्हा नव्हती, हेही आपल्यासारख्या वाचकाला आवर्जून सांगायला हवे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या एफिससच्या सोरेनसने स्त्रीरोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात चांगली दाई कशी असावी याचे मोठे बारकाईने वर्णन आहे. तिला लिहिता-वाचता यावे, म्हणजे शास्त्र पुस्तकातूनही समजेल. स्मरणशक्ती चांगली असावी. अंगाने काटक असावी. बोटे लांब आणि नाजूक असावीत व नखे कापलेली असावीत. प्रसूतीच्या वेळी दाईने त्या स्त्रीच्या अंगाकडे टक लावून पाहू नये, कारण लाजेने तिचे अंग आखडते, असेही तो सांगतो. ही शेवटची सूचना निव्वळ पुस्तकी नव्हती, याचा पुरावा रोमजवळच्या ऑस्टिया बंदराच्या दफनभूमीत मिळाला आहे. तिथे स्क्रिबोनिया अटिके हिने बांधलेल्या थडग्याच्या दर्शनी भिंतीवर भाजलेल्या मातीच्या दोन पाट्या बसवलेल्या होत्या. एका पाटीवर तिचा नवरा मार्कस उल्पियस अमेरिम्नस एका रुग्णाच्या पायावर उपचार करतो आहे. दुसरीवर एक स्त्री प्रसूतीच्या खुर्चीत बसली आहे, मागे उभ्या असलेल्या बाईने तिला काखेखालून घट्ट धरले आहे आणि पुढ्यात बैठ्या आसनावर बसलेल्या दाईचा हात त्या स्त्रीकडे गेला आहे. पण दाईचा चेहरा मात्र वळलेला आहे, ती पाहणाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे बघते आहे. लेखात स्क्रिबोनियाच्या धंद्याबद्दल एक अक्षरही नाही. तिने थडगे स्वतःसाठी, नवऱ्यासाठी, आई स्क्रिबोनिया कॅलिटिकेसाठी आणि आपल्या मुक्त केलेल्या दासदासींसाठी बांधले एवढे लिहिले आहे, आणि पॅनरेटस व प्रोस्डोकिया या दोघांना मात्र इथे जागा नाही असेही बजावले आहे. त्या दोघांनी काय केले होते देव जाणे. तिचे काम काय होते ते चित्र सांगते, आणि ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही ते रस्त्यावरून कळत होते.

नवरा-बायको दोघेही याच कामात, असे घर एकटे स्क्रिबोनियाचे नव्हते. पर्गाममला ग्लायकॉन नावाच्या वैद्याने आपली मृत पत्नी पँथिया हिच्यासाठी कोरून घेतलेला लेख याहून बोलका आहे. रूप, शहाणपण, मुलांचा सांभाळ, संसाराचे सुकाणू सरळ धरणे, ही सगळी नेहमीची स्तुती त्यात आहेच. पण पुढे तो म्हणतो की, वैद्यकीतली आपल्या दोघांची कीर्ती तू उंचावलीस आणि स्त्री असूनही या कलेत तू माझ्यामागे नव्हतीस. स्पेनमधील मेरिदा येथे ज्युलिया सॅटर्निना नावाची ४५ वर्षांची स्त्री वारली तेव्हा तिच्या नवऱ्याने तिला दगडावर उत्तम वैद्य म्हटले आणि त्याच दगडाच्या मागच्या बाजूला दुपट्यात घट्ट गुंडाळलेले बाळ कोरले. लेखात वैद्य आणि चित्रात बाळ! ती दोन्ही कामे करत असणार आणि तिच्या घरच्यांना त्यात विसंगती वाटली नसणार. कायद्यानेही स्त्री वैद्य गृहीत धरली होती. इ.स. ५३० च्या सुमारास सम्राट जस्टिनियनच्या कायद्यात गुलामांच्या किमती ठरवताना हुन्नर नसलेल्या प्रौढ गुलामाची किंमत २० सुवर्णनाणी आणि वैद्यकी जाणणाऱ्याची, मग तो पुरुष असो वा स्त्री, ६० सुवर्णनाणी धरलेली आहे. या कलमातून एक दुःखाची गोष्टही कळते : वैद्यकी करणाऱ्या कितीतरी स्त्रिया दासी होत्या, आणि पुतळा उभारणे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे, नाव टिकण्याकडे, येतो. केवळ दगड असता तर अँटिओकिस त्लोसच्या ढिगाऱ्यात पडून राहिली असती आणि उत्खननाची वाट पाहत बसली असती. तिचे नाव चालत राहिले ते औषधाबरोबर, कारण अस्क्लेपिआडीससारखे संग्राहक औषधयोग लिहून घेताना तो कुणाचा हेही लिहीत. वैद्याला त्याचा उपयोग होता. औषधाची पत नावावरून ठरत असे. हा मार्गही फार भरवशाचा नव्हता. इ.स. १९२ मध्ये रोमला मोठी आग लागली आणि गॅलेनने कोठारात ठेवलेली पुस्तके व मेहनतीने जमवलेले औषधयोग जळून गेले. काही भाग त्याला पुन्हा लिहावा लागला. जे वाचले ते हस्तलिखितांच्या नकलांमधून पुढे आले, १५२५ मध्ये व्हेनिसला ग्रीकमध्ये छापले गेले, आणि १८२१ ते १८३३ या काळात लाइपझिगला निघालेल्या गॅलेनच्या समग्र आवृत्तीच्या १३व्या खंडात अँटिओकिसचे नाव आज कुणालाही काढून पाहता येते. याच वाटेने अ‍ॅस्पेशिया नावाच्या दुसऱ्या एका स्त्रीचे लेखनही वाचले. सहाव्या शतकात अमिडाच्या एटियस या वैद्याने आपल्या ग्रंथाच्या १६व्या भागात, जो स्त्रीरोगांचा आहे, गर्भवतीची काळजी, अडलेले बाळंतपण आणि काही शस्त्रक्रिया यांवरची प्रकरणे तिच्या नावासह उतरवून घेतली. तिचा मूळ ग्रंथ गेला, तिचा गाव-ठिकाणाही गेला, पण तिची उपचारपद्धती तिच्या नावाने वाचता येते. याउलट पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनीने साल्पे, सोटिरा, थीब्जची ऑलिम्पियास अशी नावे घेतली आहेत, त्यांतल्या बहुतेकींचे चार-दोन तोडगेच काय ते उरले.

आणि ज्यांचे नाव कुणी लिहिलेच नाही? गॅलेननेच सांगितलेली एक हकीकत इथे द्यायला हवी. बोएथस नावाच्या रोमन सरदाराच्या पत्नीला अंगावरून जाण्याचा त्रास सुरू झाला. मोठमोठ्या वैद्यांना, ज्यांत गॅलेन स्वतःलाही धरतो, ते सांगायची तिला लाज वाटली, म्हणून तिने ते आपल्या दाईंना सांगितले. त्या शहरातल्या सर्वोत्तम होत्या असे गॅलेन म्हणतो. आजार हटेना तेव्हा शेवटी गॅलेनला बोलावले गेले, ती बरी झाली आणि बोएथसने त्याला ४०० सुवर्णनाणी दिली. गॅलेनचे नाव राहिले, बोएथसचे राहिले, नाण्यांचा आकडाही राहिला. शहरातल्या सर्वोत्तम म्हणवलेल्या त्या दाईंपैकी एकीचेही नाव त्याने लिहिले नाही.

ताई, ही हकीकत आपल्याला परकी वाटणार नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि ती १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, तेव्हा शंभरातल्या ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी त्यासाठी तपासणी झालेल्या बायका शंभरात जेमतेम ८ होत्या. अंगावरून पांढरे जाते हे बाई डॉक्टरला सांगत नाही, ओळखीच्या बाईला सांगते. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या स्त्रीरोगांवरील ग्रंथातही हीच तक्रार आहे की, बायका लाजेने बोलत नाहीत आणि वैद्य नीट विचारत नाहीत, तोवर रोग बळावतो. आपल्या आजींकडे ज्या बायका येत होत्या त्या केवळ बाळंतपणासाठी येत नसणार.

आजींच्या नावाबद्दल आपण जे लिहिले आहे त्यावर मी एवढेच सुचवीन. जातीच्या दाखल्यासाठी ज्यांनी आजोबा-पणजोबांची कोतवाल पंजीतील नोंद काढली आहे त्यांना ठाऊक आहे की, तिथे तारीख असते, बापाचे नाव असते, मुलगा की मुलगी हे असते. बाळंतपण कुणी केले, याचा रकाना सहसा नसतो. तो रकाना आता मागे जाऊन भरता येणार नाही, पण आजींच्या हातून ज्यांचा जन्म झाला अशी माणसे गावात आज हयात आहेत. त्यांची नावे, आणि आजी आडव्या मुलाच्या वेळी काय करीत, वार पडत नसे तेव्हा काय करीत, केव्हा आपल्याच्याने होणार नाही असे सांगून बैलगाडी जुंपायला लावीत, हे म्हाताऱ्या बायकांना विचारून तारखेनिशी लिहून ठेवावे, आणि सर्वांत वर आजींचे पूर्ण नाव आणि गाव लिहावे. आज ते उपाय वापरण्यासाठी नव्हे. ते आपण जाणताच. त्यांची कला काय होती याची नोंद राहावी म्हणून. ही वही आपण केलीत तर तिची एक प्रत या अंकाकडे जरूर पाठवावी, आम्ही ती आनंदाने छापू.

प्रश्न : मी अचलपूर तालुक्यातील शाळेत शिक्षिका आहे. महिला दिनाच्या भाषणात एका विद्यार्थिनीने अ‍ॅग्नोडिसीची गोष्ट सांगितली : अथेन्समध्ये स्त्रियांना वैद्यकी शिकायला बंदी होती, म्हणून तिने केस कापून पुरुषाच्या वेषात शिक्षण घेतले, नंतर तिच्यावर खटला झाला आणि शहरातल्या बायकांनी न्यायालयात येऊन तिला सोडवले. ही पहिली स्त्री वैद्य मानावी का?

उत्तर : मानू नये. ही गोष्ट हायजिनस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन कथासंग्रहात येते आणि तिला दुसरा कोणताही जुना आधार नाही. गोष्टीत अथेन्समध्ये दाई नव्हत्याच असे गृहीत धरले आहे, आणि ते उघडच चूक आहे. त्याच अथेन्सच्या परिसरात इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातील फॅनोस्ट्राटे नावाच्या स्त्रीचा थडग्याचा दगड सापडला आहे. त्यावर ती दाई आणि वैद्य होती असे स्वच्छ लिहिले आहे आणि तिने कुणाला दुःख दिले नाही, ती गेल्यावर सर्वांनाच हळहळ वाटली, असेही म्हटले आहे. विद्यार्थिनीने गोष्ट सांगितली यात गैर काही नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधील दाईंनीही आपल्या शिक्षणाच्या मागणीसाठी तिचा आधार घेतला होता. पण पुढच्या वर्षी तिला फॅनोस्ट्राटेबद्दल बोलायला सांगावे. खरी बाई हाताशी असताना कल्पनेतल्या बाईला पहिला मान देणे मला पटत नाही.

प्रश्न : मी मोर्शी तालुक्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. आपल्या देशात त्या काळी एखाद्या स्त्री वैद्याचे नाव सापडते का? विदर्भातील शिलालेखांत किंवा ताम्रपटांत कुणी आहे का?

उत्तर : आपल्या तालुक्यातील रिद्धपूरचा ताम्रपट आपण ऐकून असाल. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिने तो स्वतःच्या नावाने, माहेरच्या गुप्त घराण्याची वंशावळ सांगून दिला. पाचव्या शतकात विदर्भात एखाद्या स्त्रीचे नाव धातूवर कसे कोरले जाई याचा तो उत्तम नमुना आहे. पण ती राज्यकर्ती होती, वैद्य नव्हे, त्यामुळे आपल्या प्रश्नाचे ते उत्तर होत नाही.

उत्तर बगदादमध्ये आहे. इब्न अल-नदीम या ग्रंथविक्रेत्याने इ.स. ९८७ च्या सुमारास अरबी भाषेत उपलब्ध असलेल्या पुस्तकांची मोठी सूची तयार केली. तिच्यात भारतीय वैद्यकाच्या अरबी भाषांतरांची यादी आहे आणि त्या यादीत रूसा नावाच्या भारतीय स्त्रीने लिहिलेल्या, स्त्रियांच्या उपचारांवरील पुस्तकाचा उल्लेख आहे. पुस्तक आज उपलब्ध नाही. तिचे मूळ भारतीय नाव काय होते यावर तर्क पुष्कळ झाले, पण त्यांपैकी एकही मी इथे देणार नाही. याच यादीत सुश्रुताचा ग्रंथ आहे, जो मंका नावाच्या भारतीय वैद्याने वजीर याह्या बर्मकी याच्या सांगण्यावरून समजावून दिला होता. याचा अर्थ असा की, बगदादच्या वैद्यांनी भारतातून जे ग्रंथ आपल्या कामाचे म्हणून निवडले, त्यांत सुश्रुताच्या जोडीला एका बाईचे पुस्तक होते.